‘नो ग्रोथ’ आलं तरी जळजळ का राहते? पुरुषांच्या मूत्रमार्गदाहाची पार्श्वभूमी

लघवीला जळजळ झाली की नाशिकमध्येही आधी ‘उन्हाळी लागली’ म्हणतात आणि धने-जिऱ्याचं पाणी सुरू होतं. अंबड-सातपूरला भट्टीजवळ काम करणारा कामगार किंवा मुंबई-आग्रा महामार्गावरचा ट्रकचालक उष्णतेलाच दोष देणार, हे साहजिक आहे. पण जळजळ थांबत नाही, स्राव दिसतो आणि यूरिन कल्चरचा (लघवीतले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीचा) रिपोर्ट ‘नो ग्रोथ’ येतो, तेव्हा त्याचा अर्थ जंतू नाहीत असा होत नाही. त्या तपासणीत वाढणारे जंतू सापडले नाहीत, एवढाच होतो.

१८७९ मध्ये आल्बर्ट नायसर यांनी परम्याचा जंतू, गोनोकॉकस, शोधला. मूत्रमार्गदाह असूनही तो ज्यांच्या स्रावात दिसत नसे, ते सगळे रुग्ण पुढे ‘नॉन-गोनोकॉकल’ या एकाच गटात जमा होत गेले. त्यातला मोठा हिस्सा क्लॅमिडिया या जंतूचा निघाला. हा जंतू पेशींच्या आत राहतो, त्यामुळे साध्या कल्चरमध्ये वाढतच नाही. १९५७ मध्ये चीनच्या तांग फेइफान यांनी खुपरी या डोळ्यांच्या आजाराच्या रुग्णांकडून घेतलेला हा जंतू कोंबडीच्या अंड्यात वाढवल्याचं जाहीर केलं. १९६५ पासून पेशींच्या कल्चरमध्येही तो वाढवता येऊ लागला, आणि मग मूत्रमार्गाच्या आजारातला त्याचा वाटा उघड झाला.

मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम या आणखी एका जंतूची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. लंडनमध्ये नॉन-गोनोकॉकल दाह असलेल्या १३ पुरुषांपैकी दोघांच्या नमुन्यांत तो सापडला आणि १९८१ मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध झाली. वाढायला तो आठवडे, कधी महिने घेतो. १९९१ च्या सुमारास पीसीआर ही जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी आली, तेव्हा कुठे तो नेमाने ओळखता येऊ लागला. त्याला पेशीभित्तिका, म्हणजे पेशीभोवतीची भिंतच, नाही. म्हणून पेनिसिलिन किंवा सेफिक्झिमसारखी, भित्तिकेवर घाव घालणारी औषधं त्याच्यावर चालत नाहीत.

आपल्याकडे सरकारी रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये लक्षणं पाहून मोफत उपचार देण्याची पद्धत आहे. मूत्रमार्गातल्या स्रावासाठी नाकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) राखाडी किटमध्ये सेफिक्झिम ४०० मिलिग्रॅम आणि अझिथ्रोमायसिन १ ग्रॅम. परमा आणि क्लॅमिडिया डोळ्यांपुढे ठेवून केलेली ही जोडी बहुतेकांना बरं करते. मायकोप्लाझ्मात मात्र अझिथ्रोमायसिनला दाद न देणारे प्रकार जगभर वाढले आहेत. तेव्हा लक्षणं परत आली, तर मेडिकलमधून तीच गोळी पुन्हा आणू नये. डॉक्टरांकडे परत जावं, आणि जोडीदाराचीही तपासणी व्हावी.

हे सगळं वगळूनही बरेच रुग्ण उरतात. काहींत हिमोफिलस इन्फ्लुएन्झी किंवा मेनिंगोकॉकस सापडतो. हे दोन्ही जंतू एरवी नाका-घशात राहणारे, मुखमैथुनातून मूत्रमार्गात पोचू शकणारे. यूरिआप्लाझ्मा या जंतूमुळे हा आजार होतो का, हा वाद १९५४ पासून चालू आहे, कारण तो निरोगी पुरुषांतही आढळतो. नुसतं असणं पुरेसं नाही, त्याची जात कोणती आणि संख्या किती हेही पाहावं लागतं. म्हणूनच आताचे संशोधक आजारी पुरुषांबरोबर लक्षणं नसलेल्या पुरुषांचेही नमुने तपासून दोन्हीकडचे जंतू ताडून पाहतात.