त्या २६ मधले ६ पेशंट कुठे गेले?

मार्च २०२० मध्ये हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन हे मलेरियावरच्या जुन्या गोळीचं नाव कोरोनावरचं औषध म्हणून एकदम सगळ्यांच्या तोंडी आलं. मेडिकलमध्ये गोळी मिळेना आणि ल्युपसचे (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार) जे पेशंट ती आधीपासून घेत होते त्यांचीच पंचाईत. आयसीएमआरनेही (सरकारची वैद्यकीय संशोधन संस्था) डॉक्टर-नर्सना कोरोना होऊ नये म्हणून ती आधीच घ्यायला सांगितलं होतं. या गोळीची सगळ्यात जास्त हवा झाली ती फ्रान्समधल्या मार्सेच्या एका स्टडीमुळे, दिदिए राऊल्त या डॉक्टरांच्या टीमच्या.

आकडे भारीच होते. सहाव्या दिवशी गोळीवाल्यांपैकी ७० टक्के लोकांच्या नाकात व्हायरस सापडला नाही, बाकीच्यांत फक्त १२.५ टक्के. पण टक्के बाजूला ठेवून माणसं मोजली की कळतं, २० पैकी १४ आणि १६ पैकी २, बस्स एवढीच.

आणि ते २० पण मुळात २६ होते! तिघं आयसीयूत गेले, एक वारला, एकाला मळमळ व्हायला लागली म्हणून गोळी थांबवली, एक हॉस्पिटल सोडून गेला, आणि हे सहाही जण हिशोबातून बाहेर. कच्च्या पोरांना सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावायचा आणि मग शाळेचा निकाल शंभर टक्के, तसलाच प्रकार. शिवाय गोळी कोणाला द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं नव्हतं, तुलनेला घेतलेले बरेच जण दुसऱ्याच हॉस्पिटलातले. आणि मोजलं काय तर नाकातला व्हायरस, माणूस जगला का ते नाही. डिसेंबर २०२४ मध्ये जर्नलने हा पेपर मागे घेतला.

ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलमध्ये (हॉस्पिटलातल्या कोरोना पेशंटवर औषधं तपासणारी मोठी चाचणी) मात्र कॉम्प्युटरने चिठ्ठ्या टाकल्या, १५६१ जणांना गोळी, ३१५५ जणांना नेहमीचे उपचार, आणि २८ दिवसांत मृत्यू किती तर गोळीवाल्यांत २७ टक्के आणि बाकीच्यांत २५. म्हणजे उपयोग शून्य.

त्याच ट्रायलमध्ये डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टेरॉइड मात्र चाललं, व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये मृत्यू ४१ टक्क्यांवरून २९ वर आले. पण फायदा ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागलेल्यांनाच, बाकीच्यांना काही नाही. हे 'कोणाला' वालं वाक्य बातमीत शोधायचंच, कारण आपल्याकडे दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन लागत नसतानाही लोकांनी स्टेरॉइड घेतलं, त्यात डायबिटीस असेल तर शुगर आणखी वाढली, आणि म्युकरमायकोसिस (काळी बुरशी) झालेल्यांत असे पेशंट बरेच होते.