एमाकी : मध्ययुगीन जपानमधील दैनंदिन जीवन आणि सामाजिक उतरंड

एमाकी म्हणजे कागदाच्या, क्वचित रेशमाच्या, लांबलचक पट्टीवर रंगवलेली चित्रकथा. साधारण ३० सेंमी. रुंदीची ही गुंडाळी वाचक डाव्या हाताने उलगडत आणि उजव्या हाताने गुंडाळत उजवीकडून डावीकडे पाहत जातो. बाराव्या ते चौदाव्या शतकांत या कलेला बहर आला. बहुतेक गुंडाळ्या दरबार, सरदार घराणी आणि मठ-मंदिरे यांच्या आश्रयाने तयार झाल्या. तरीही सामान्य माणसांच्या जगण्याचे इतके तपशील त्या काळातील लिखित साधनांत फारसे सापडत नाहीत.

समाजातील पायरी चित्रकार प्रथम बैठकीतून दाखवतो : धनी घरात उंचावर, हाताखालचा ओसरीवर आणि सेवक अंगणातील मातीवर. प्रौढ पुरुषाच्या डोक्यावर एबोशी ही टोपी असते. श्रम करतानाही ती उतरवली जात नसे, कारण उघडे डोके लाजिरवाणे मानले जाई. चेहऱ्यांतील फरक अधिक बोलका आहे. ‘गेंजी’ या दरबारी कादंबरीवरील बाराव्या शतकातील चित्रगुंडाळीत, छप्पर न दाखवता रंगवलेल्या दालनांत बसलेल्या उमरावांचे डोळे म्हणजे एक रेघ आणि नाक म्हणजे छोटासा आकडा असतो. राग, भय, हसू मोकळेपणाने उमटते ते बहुधा खालच्या थरातील चेहऱ्यांवर.

त्याच शतकातील ‘बान दाइनागोन’ गुंडाळी ८६६ मध्ये राजवाड्याचे ओतेन्मोन हे प्रवेशद्वार जळाल्याची कथा सांगते. तिच्यातील एका प्रसंगात दोन मुले झोंबतात, एकाचा बाप धावत येऊन दुसऱ्या मुलाला लाथ मारतो आणि आई आपल्या पोराला ओढून नेते. हे सारे टप्पे एकाच जागी वर्तुळात रंगवले आहेत. लाथ मारणारा बान दाइनागोन या बड्या मंत्र्याचा नोकर, तर मार खाणारे पोर राजवाड्यातील कनिष्ठ सेवकाचे. संतापलेल्या त्या सेवकाच्या तोंडून जाळपोळीचे रहस्य फुटते आणि मंत्री हद्दपार होतो.

भिक्षू इप्पेन (१२३९–१२८९) याच्या भ्रमंतीवरील १२ गुंडाळ्यांचा रेशमी संच १२९९ मध्ये एन्-इ या चित्रकाराने रंगवला. त्यातील बिझेन प्रांतातील फुकुओकाचा बाजार (क्यूशूमधील त्याच नावाचे शहर वेगळे) विशेष महत्त्वाचा आहे. गवती छपरांच्या पालांत कापड, तांदूळ, मासे यांची विक्री चालली आहे, मातीचे मोठे रांजण आडवे पडले आहेत आणि गिऱ्हाइकांत स्त्रियाही आहेत. या गर्दीत एक संतप्त योद्धा तलवारीच्या मुठीवर हात ठेवून इप्पेनसमोर उभा ठाकतो. त्याच्या पत्नीने त्याच्या गैरहजेरीत संन्यास घेतला आहे. पुढच्या दृश्यात तोच मुंडण करवून घेताना दिसतो. याच संचात शिनानो प्रांतातील तोमोनोचा बाजार मात्र बाजाराचा वार नसताना दाखवला आहे : रिकामी पाले, भटकी कुत्री आणि आडोशाला राहणारे भिकारी. एरवी समाजाबाहेर ठेवलेल्यांची हक्काची जागा नेमकी कोणती, हे या ओसाड दृश्यातून जितके कळते तितके गजबजलेल्या दृश्यातून कळत नाही.

कासुगा देवस्थानातील देवतांच्या चमत्कारांवरील १३०९ च्या ‘कासुगा गोंगेन’ संचाच्या २० गुंडाळ्यांत सुतार शाईच्या सुताने ओंडक्यावर रेघ मारतात, पटाशीने तो फोडतात आणि वाकसाने तासतात.

लोकजीवनाचे अभ्यासक शिबुसावा केइझो यांच्या पुढाकाराने अशा चित्रांतील वस्तू, अवजारे आणि हालचाली यांना क्रमांक व नावे देऊन एक चित्रकोश तयार करण्यात आला; त्याचे पाच खंड १९६० च्या दशकात प्रसिद्ध झाले. मात्र ही चित्रे छायाचित्रे नव्हेत. चित्रकार ठरीव नमुने वापरत आणि जुन्या कथेतील माणसांना स्वतःच्या काळाचे कपडे चढवत, त्यामुळे ८६६ च्या आगीकडे धावणारी गर्दी प्रत्यक्षात बाराव्या शतकातील क्योतोची आहे.