गाडीतला हीटचा काटा: गेला कधी, आणि त्याच्या आधीच थांबला कधी

नवीन गाडी घरी आली की घरातलं कुणीतरी मोठं माणूस शेजारच्या सीटवर बसतं, मीटरकडे बघतं आणि विचारतं, "हीटचा काटा कुठाय रे ह्यात?" मग आपण सांगायचं की काटा नसतो आता, चावी फिरवली की निळा दिवा लागतो, इंजिन तापलं की विझतो, आणि जास्तच तापलं तर लाल लागतो. त्यांना काही ते पटत नाही. गाडीवाल्यांमध्येही ह्यावर दोन तट आहेत, एक म्हणतो काट्याशिवाय घाटात जायचं म्हणजे डोळे बांधून जायचं, दुसरा म्हणतो आजच्या इंजिनाला कॉम्प्युटर सांभाळतो, तुम्ही फक्त रस्ता बघा. पण माझ्या मते वाद चुकीच्या जागी चाललाय. काटा डॅशबोर्डवरून गेला ती नंतरची गोष्ट, त्याच्या बरंच आधी तो जागेवर असूनच बंद पडला होता आणि ते कुणी धड सांगितलं नाही.

अगदी सुरुवातीचं थोडक्यात. 1910च्या दशकात अमेरिकेत रेडिएटरच्या झाकणावर बसवायचा थर्मामीटर निघाला, बॉनेटच्या टोकाला उभा, ड्रायव्हरने काचेतून समोर बघायचं आणि लाल रेघ किती चढली ते पाहायचं. तो मोजायचा पाण्याच्या वरच्या वाफेचं तापमान, म्हणजे पहिल्या दिवसापासून हे यंत्र जरा लांबूनच अंदाज बांधत होतं. नंतर काटा डॅशबोर्डवर आला, आधी इंजिनपासून बारीक तांब्याची नळी आणून, मग वायर आणि सेन्सर लावून. 1930च्या दशकात तिकडच्याच एका कंपनीने ऑइल आणि चार्जिंगच्या मीटरऐवजी दिवे लावले, त्या दिव्यांना तिथले लोक आजतागायत 'इडियट लाइट' म्हणतात. नाव कसं पडलं ते सांगायला नको.

आपल्याकडची गोष्ट खरी सुरू होते अँबेसेडर आणि फियाटपासून. ह्या गाड्यांचं इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत बसवलेलं, पंखा समोर पट्ट्यावर, म्हणजे इंजिन जेवढं फिरेल तेवढाच पंखा फिरणार. घाटात ट्रकच्या मागे पहिल्या गिअरमध्ये रखडलात की गाडीचा वेग नाही म्हणून समोरून वारा नाही, पुढचा ट्रक थांबला की इंजिन आयडलवर, मग पंखाही मंद आणि पाण्याचा पंपही मंद. म्हणून बोरघाटात, कसाऱ्यात, आंबोलीत बॉनेट उघडून उभ्या गाड्यांची रांग असायची, डिकीत पाण्याचा कॅन असायचाच, आणि रेडिएटरच्या झाकणावर ओलं फडकं टाकून, तोंड दुसरीकडे करून, अर्धा आटा फिरवून वाफ सोडणारा एक काका प्रत्येक घरात असायचा. बहुतेक लोक कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवायचं खास द्रव, घालायचेच नाहीत, नळाचं पाणी. झाकण सैल झालेलं असलं की दाब धरत नाही, दाब नसला की पाणी लवकर उकळतं, आणि महाबळेश्वरच्या उंचीवर उघडं पाणी 95-96 अंशांनाच उकळतं, म्हणजे माथ्यावर पोचेपर्यंत हातात काहीच उरायचं नाही. त्या दिवसांत काटा म्हणजे शोभा नव्हती. काटा चढला की एसी बंद करणं वगैरे प्रश्नच नव्हता कारण एसी नव्हताच, गाडी बाजूला घ्यायची आणि चहा प्यायचा. अँबेसेडरच्या जुन्या इंजिनाचं हेड (वरचा भाग) आणि ब्लॉक (खालचा सांगाडा) दोन्ही बिडाचं, एकदोनदा उकळलं तरी सहन करायचं.

1983च्या डिसेंबरमध्ये मारुती 800 आली आणि दोन गोष्टी बदलल्या. इंजिन आडवं बसवलं, त्यामुळे समोरचा पंखा पट्ट्यावर चालवणं अवघड होतं, तो इलेक्ट्रिक झाला, पाणी ठराविक गरम झालं की स्विचने चालू, थंड झालं की बंद. ज्यांनी ती गाडी चालवलीय त्यांना आठवत असेल, सिग्नलला उभं राहिलं की काटा हळूहळू वर यायचा, मग बॉनेटखाली घर्रर्र आवाज, आणि मिनिटभरात काटा परत खाली. पंखा लागला नाही तर काटा सांगायचा, आणि कान पण सांगायचे. म्हणजे काटा खरं बोलत होता आणि ते खरं ऐकायची लोकांना सवय होती. त्याच काळातली एक वाईट सवय पण सांगतो, गॅरेजवाले थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारी झडप, काढूनच टाकायचे, "आपल्याकडे थंडी कुठाय, कशाला पाहिजे". मग काटा कायम खाली, मालक खूश, आणि इंजिन कधी नीट तापतच नाही म्हणून ॲव्हरेज बोंबललेलं.

आता मुख्य मुद्दा. इंजेक्शनच्या गाड्या आल्या, म्हणजे पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो त्या, आणि इंजिनाचं तापमान आधी कॉम्प्युटरकडे जायला लागलं आणि तिथून मीटरकडे. मधे कॉम्प्युटर आला की काट्याने काय दाखवायचं हे ठरवता येतं. आणि कंपन्यांनी, जगभरातल्या, साधारण 1990च्या दशकापासून पुढे, असं ठरवलं की पाणी अंदाजे 80 ते 105-110 अंशांच्या मधे कुठेही असलं तरी काटा मधोमध उभा ठेवायचा. हे आकडे गाडीगणिक वेगळे, पण प्रकार तोच. 82 ला पण मध्यावर, 104 ला पण मध्यावर. मग एकदम वरची मर्यादा ओलांडली की काटा सरळ लाल पट्ट्याकडे पळणार.

कंपन्यांच्या बाजूने कारण असं दिलं जातं की काटा हलला की गिऱ्हाईक घाबरतं. ट्रॅफिकमध्ये दोन रेषा वर गेला म्हणून सर्व्हिस सेंटरला गाडी आणतं, तिथे सगळं ठीक असतं, मेकॅनिकचा अर्धा दिवस फुकट, आणि वर गिऱ्हाईक म्हणतं तुम्ही बघितलंच नाही. हे कारण खोटं नाहीये, असे लोक मी बघितलेत, घरातच बघितलेत. आणि तांत्रिक बाजू पण आहे. आधी थर्मोस्टॅट साधा मेणाचा असायचा, 82-88 अंशांना उघडायचा, बस. नंतरच्या बऱ्याच गाड्यांत तो कॉम्प्युटरच्या ताब्यात गेला, आरामात चालवताना इंजिन मुद्दाम जास्त गरम, शंभरच्या पुढे, ठेवतात म्हणजे पेट्रोल कमी लागतं, आणि जोर लावला की मुद्दाम थंड करतात. म्हणजे ह्या इंजिनाला खरा काटा लावला तर तो दिवसभर वरखाली नाचेल आणि त्यात काही बिघाड नसेल. मान्य.

पण मग काटा उभा राहतो त्या मधल्या पट्ट्याला 'नॉर्मल' का म्हणायचं? सगळी गोम ह्या एका शब्दात आहे. जुन्या गाडीत नॉर्मल म्हणजे *ह्या* गाडीचं नेहमीचं, माझ्या गाडीचा काटा निम्म्याच्या जरा खाली असतो, आज निम्म्यावर आहे, काहीतरी वेगळं आहे, पंप, पट्टा, जाळीत चिखल, बघायला पाहिजे. नवीन गाडीत नॉर्मल म्हणजे कंपनीने ठरवलेल्या हद्दीच्या आत. दोन्हीला शब्द एकच. पहिल्या अर्थाने बघायची सवय असलेला माणूस दुसऱ्या अर्थाचा काटा बघतो आणि समजतो की अगदी स्थिर आहे, काय सुंदर इंजिन आहे. तो काटा स्थिर नाहीये, त्याला धरून ठेवलाय. मॅन्युअलमध्ये 'काटा ह्या भागात असावा' एवढंच लिहिलेलं असतं, तो भाग किती अंशांचा हे लिहिलेलं मी तरी आजवर वाचलेलं नाही. तुमच्या फायद्यासाठीच केलं असेल तर सांगायला काय हरकत होती.

एकदा काटा असा बांधून ठेवला की पुढची पायरी सोपीच होती. तीनच गोष्टी सांगणारा काटा, थंड, ठीक, गेलं, म्हणजे दोन दिवेच झाले की. मग 2000 नंतर छोट्या गाड्यांमध्ये निळा आणि लाल दिवा आला आणि काट्याची जागा वाचली. निळा साधारण 50-60 अंशांपर्यंत, तोपर्यंत जोरात रेस करू नका एवढाच त्याचा निरोप. स्पीडोमीटर कायद्याने द्यावाच लागतो, हा नाही दिला तरी चालतो. तेव्हा दिव्यावर राग काढण्यात अर्थ नाही, उलट दिवा जास्त प्रामाणिक, तो मीटर असल्याचा आव आणत नाही.

ह्याच काळात एक उलटी गोष्ट झाली. प्रदूषणाच्या नियमांमुळे स्टिअरिंगखाली एक सॉकेट द्यावं लागलं, अमेरिकेत 1996 पासून आणि आपल्याकडे ते ओबीडी टू, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड स्वतः तपासून सांगायची पद्धत, 2013च्या एप्रिलपासून. त्यातून इंजिनाचं तापमान थेट मिळतं, एक आकडा येतो, त्यातून 40 वजा करायचे, 137 आला तर 97 अंश. काही शे रुपयांचं ब्लूटूथ डोंगल, म्हणजे त्या सॉकेटात खोचायची छोटी डबी, लावलं की फोनवर दिसतं. एका मे महिन्यात दुपारी आम्ही ते लावून बोरघाट चढलो, मागे तीन माणसं, एसी चालू, पुढे कंटेनर. फोनवर 93, 96, 101, पंखा लागल्याचा आवाज, 103, मग 98, परत 102. डॅशबोर्डवरचा काटा मधोमध, हनुमंतासारखा हात जोडून. घाट संपेपर्यंत केसभर हलला नाही.

लोक म्हणतात कॉम्प्युटर आहे ना सांभाळायला. आहे, आणि तो बरंच सांभाळतो. पंखा पूर्ण वेगाने, एसी कट, ताकद कमी, आणि सेन्सरच मेला तर एक ठरीव तापमान धरून पंखा चालूच ठेवतो. 1990च्या दशकात एका अमेरिकन इंजिनात तर कूलंट पूर्ण गेलं तरी निम्म्या सिलिंडरांचं पेट्रोल आळीपाळीने बंद करून त्यांना नुसती हवा ओढायला लावायची सोय होती, म्हणजे गॅरेजपर्यंत पोचता यावं.

पण कॉम्प्युटरला दिसतं तेवढंच जेवढं सेन्सरला कळतं, आणि तो सेन्सर बहुतेक गाड्यांत कूलंटमध्ये बुडालेला असतो. कूलंटच गेलं तर तो हवेत किंवा वाफेत लटकतो आणि हेड भाजत असताना आरामात कमी तापमान सांगू शकतो. तिथे खरा काटासुद्धा फसतो, हे काटाप्रेमींनी पण लक्षात घ्यावं. आता रेडिएटरच्या टाक्या प्लास्टिकच्या, थर्मोस्टॅटचं घर पण पुष्कळदा प्लास्टिकचं, दहा वर्षांनी ते तडकतं आणि कूलंट एकदम जातं. हेड ॲल्युमिनियमचं, बिडाच्या हेडसारखं उकळून परत चालू होत नाही, वाकतं. कूलंटची पातळी सांगणारा सेन्सर मात्र बऱ्याच गाड्यांत नसतो, आणि खरं तर काट्याआधी तोच मागायला पाहिजे.

आमच्या आधीच्या गाडीचं असंच झालं, कसाऱ्याच्या चढावर. दोन दिवसांपासून हळूहळू गळत होतं, पार्किंगमध्ये हिरवट डाग होता, मला वाटलं शेजारच्या गाडीचा. काटा मध्यावर, मध्यावर, मध्यावर, मग एकदम लाल आणि बीप, आणि डावीकडे घ्यायला जागा मिळेपर्यंत सायलेन्सरमधून पांढरा धूर. हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉकच्या मधलं सील, गेलं, हेड फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, पाठवावं लागलं. मेकॅनिकने विचारलं, "साहेब, काटा चढला तेव्हा थांबला नाहीत का?" त्याला काय सांगणार.

ट्रकला आणि एसटीला अजूनही काटा असतो, कारण तिथे ड्रायव्हर तो बघतो हे गृहीत धरलंय. कारमध्ये आता डिजिटल मीटर आलेत, त्यात काट्याऐवजी सहा-आठ काड्या, गाडी तापली की निम्म्या पेटतात आणि तिथेच राहतात. काही गाड्यांत मेन्यूत तीनचार पानं आत गेलं की अंशांत आकडा मिळतो. नवीन गाडी घेताना मी सेल्समनला तेच विचारलं, तर तो म्हणाला सर ते बघायची गरजच पडत नाही, आणि सनरूफ उघडून दाखवायला लागला.