'अनडिप्लॉय' दाबण्याआधी : टॉमकॅट मॅनेजर स्वतः हाताळणाऱ्या ग्राहकांसाठी

सप्रेम नमस्कार.

आमच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती पाठवली की पुढच्या पंधरवड्यात एखाद्या पतसंस्थेचा फोन येतोच: "सभासदांचे स्कॅन केलेले कागद दिसत नाहीत." प्रत्येक वेळी कारण तेच निघते, म्हणून हे पत्रक. कृपया संगणक सांभाळणाऱ्या सहकाऱ्यांनाही वाचायला द्या.

आमचे सॉफ्टवेअर टॉमकॅट या सर्व्हर-प्रोग्रॅमवर चालते. तुम्ही ब्राउझरमध्ये त्याचे नियंत्रण-पान, म्हणजे टॉमकॅट मॅनेजर, उघडता, खालच्या चौकटीतून नवी वॉर फाइल (सॉफ्टवेअरची एका फाइलीत बांधलेली आवृत्ती) चढवता आणि वर 'फेल' असा संदेश येतो. त्या नावाची वॉर सर्व्हरवर आधीच आहे, एवढाच त्याचा अर्थ. मग जुनी काढून टाकू म्हणून हात 'अनडिप्लॉय'कडे जातो. घात होतो तो इथेच.

'स्टॉप' दाबले तर अॅप्लिकेशन थांबते, फायली जागच्या जागी राहतात. 'रीलोड' तेच पुन्हा सुरू करते. 'अनडिप्लॉय' मात्र वॉर फाइल आणि वेबॅप्समधला (टॉमकॅट अॅप्लिकेशन्स जिथे ठेवतो त्या फोल्डरातला) तिचा उलगडलेला फोल्डर, दोन्ही पुसून टाकते. अपलोड केलेले कागद त्याच फोल्डरात साठत असतील, तर तेही जातात. ते रिसायकल बिनमध्ये सापडत नाहीत. खाती आणि शिल्लक डेटाबेसमध्ये असल्यामुळे शाबूत राहतात, म्हणून त्या दिवशी सगळे ठीकच वाटते. आठ-दहा दिवसांनी कोणीतरी कर्जप्रकरणातला सातबारा उघडायला जातो, तेव्हा उलगडा होतो. तोवर सात दिवसांचा फिरता बॅकअप असलेल्यांची चांगली प्रतही पुसली गेलेली असते. मग शाखेतल्या माणसांना कपाटातून फायली काढून पुन्हा स्कॅन करत बसावे लागते. हे आम्हाला पाहवत नाही.

उपाय एकदाच करायचा आहे: कागदांचा फोल्डर वेबॅप्सच्या बाहेर न्यायचा आणि त्याचा नवा पत्ता सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये द्यायचा. आमच्या जुन्या ग्राहकांकडे तो अजून आत आहे. त्या काळी आम्हीच तसा ठेवला होता. आता नवीन ठिकाणी आम्ही तो बाहेरच ठेवतो.

हे झाल्यावर अनडिप्लॉय न करताही नवी आवृत्ती चढवता येते. वॉरच्या नावानंतर, '.war' च्या आधी, दोन हॅश चिन्हे (##) आणि क्रमांक लिहा. टॉमकॅट 7 पासून अशा दोन आवृत्त्या शेजारी शेजारी चालतात: लॉगिन केलेले कर्मचारी जुन्यावर काम पुरे करतात, नवे लॉगिन नव्या आवृत्तीवर जाते. क्रमांक 009, 010 असा शून्यांसह लिहा. टॉमकॅट हे आकडे अक्षरांसारखे ताडून पाहतो, त्यामुळे नुसता 10 लिहिला तर तो 9 च्या मागे पडतो. पहिल्यांदा बिनक्रमांकाच्या वॉरशेजारी क्रमांकाची वॉर ठेवली तरी चालते.

वॉर 50 एमबीच्या वर गेली तर मॅनेजर ती घेत नाही. ही त्याची मूळ मर्यादा आहे, फाइल बिघडलेली नसते.

मॅनेजर घरून उघडता यावा, अशी मागणी अनेकांनी केली. आम्ही नाही म्हणतो, त्याचा काहींना राग येतो. पण ज्याला मॅनेजरमधून वॉर चढवता येते, त्याला तुमच्या सर्व्हरवर हवा तो प्रोग्रॅम चालवता येतो. आणि वापरकर्ता 'टॉमकॅट', पासवर्डही 'टॉमकॅट' अशी जोडी घेऊन इंटरनेटवर उघडे मॅनेजर शोधणारे पुष्कळ आहेत. टॉमकॅट स्वतःही मूळ मांडणीत मॅनेजर फक्त त्याच यंत्रावरून उघडू देतो, आणि आम्ही ती मांडणी बदलत नाही. बाहेरून काम करायचेच असेल तर व्हीपीएन (कार्यालयाच्या नेटवर्कमध्ये बाहेरून येण्याचा सुरक्षित मार्ग) बसवून देतो.

वार्षिक देखभाल करार असलेल्यांना फोल्डर हलवण्याचे वेगळे शुल्क नाही. बाकीच्यांना एका भेटीचे शुल्क पडेल. पुढची आवृत्ती येण्याआधी वेळ ठरवून घ्या.

चुकून अनडिप्लॉय दाबले गेलेच, तर आधी बॅकअपची फिरती थांबवा, त्या डिस्कवर नवे काहीही कॉपी करू नका आणि लगेच आम्हाला फोन करा.