गुराब आणि गलबत

शिडाचं कुठलंही लाकडी जहाज दिसलं की आज आपण त्याला सरसकट गलबत म्हणतो. मराठा आरमारात मात्र गुराब वेगळी आणि गलबत वेगळं. एक मोठं, दुसरं छोटं एवढ्यावर हा फरक संपत नाही. दोन्ही बांधली जायची ती निरनिराळ्या कामांसाठी. अठराव्या शतकातल्या आंग्र्यांच्या आरमाराबद्दल इंग्रजांनी बरंच लिहून ठेवलंय. मार खाल्लेल्यांनी लिहिलेलं असल्यामुळे त्यात तपशील भरपूर आहेत.

गुराब बहुधा दोन डोलांची (डोल म्हणजे शिडाचा उभा खांब), 150 टनांच्या आतली. तीन डोलांची असली तर 300 टनांच्या आसपास. लांबीच्या मानाने रुंद आणि पाण्यात कमी बुडणारी, म्हणून खाडीतही शिरायची. जुन्या चित्रात ती ओळखायची ती नाळेवरून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावरून. गुराब मध्यापासून पुढे निमुळती होत जाते आणि नाळ लांब पुढे झेपावलेली असते. नाळेवर मुख्य डेकच्याच पातळीत भक्कम फळ्या बसवलेल्या आणि तिच्यामागे एक आडवी लाकडी भिंत. या भिंतीला झरोके ठेवून त्यातून दोन तोफा थेट समोर, नाळेवरून, डागायच्या. त्यांचे गोळे 9 ते 12 पौंडांचे, म्हणजे चार ते साडेपाच किलोचे. बाजूच्या तोफा 6 ते 9 पौंडी.

या बांधणीची किंमत समोरून लाटा येताना मोजावी लागे. लांब नाळ जोरात खाली-वर आपटायची आणि दर लाटेला पाणी वर यायचं. त्यावर बांधणाऱ्यांचा उपाय साधा पण चोख होता: बाकी जहाजाला कठडा, नाळेला नाही. आलेलं पाणी न अडता दोन्ही बाजूंनी निघून जाई. कठडा घातला असता तर तेच पाणी पुढे साचून नाळ आणखी दबली असती.

गलबत घडणीने गुराबीसारखंच, पण क्वचितच 70 टनांच्या वर. डोल दोन, मागचा अगदीच हलका, पुढच्या मुख्य डोलावर एकच प्रचंड तिकोनी शीड, ज्याचं टोक डोलापेक्षाही बरंच उंच जाई. खरी ताकद वल्ह्यांची. 40-50 दणकट वल्ही मारली की वारा नसतानाही ताशी चार मैल, म्हणजे साडेसहा किलोमीटर. त्यासाठी वजन कमी हवं, म्हणून डेकही चिरलेल्या बांबूंचा. असल्या डेकवर जड तोफ ठेवून कसं चालेल? म्हणून कडेवर फिरत्या खुंटीवर बसवलेल्या छोट्या तोफाच असत. फक्त सगळ्यात मोठ्या गलबतांना पक्का डेक आणि 2 ते 4 पौंडी सहा-आठ तोफा.

साधारण आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबतं, असा आंग्र्यांच्या ताफ्याचा हिशोब. गलबतं एवढी जास्त का, ते लढाईत कळतं. वारा पडला की युरोपीय जहाज जागच्या जागी अडकायचं. मग गलबतं गुराबींना दोरांनी ओढत त्याच्या पिछाडीला आणत, कारण तिथे तोफा सर्वांत कमी. गुराबी समोरच्या तोफांनी डोलांवर मारा करत. डोल कोसळले की गलबतं चहूबाजूंनी भिडायची आणि माणसं तलवारी घेऊन वर चढायची. 1735 मध्ये संभाजी आंग्र्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचं ‘डर्बी’ हे जहाज पकडलं. गलबतांशिवाय गुराब वारा पडल्यावर निकामी. गुराबीशिवाय गलबतांना मोठ्या जहाजाच्या तोफांसमोर जाणं म्हणजे आत्महत्याच.

नांगरलेल्या ताफ्याची गोष्ट निराळी. फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रजी आरमाराने विजयदुर्गावर मारा केला, तेव्हा तुळाजी आंग्र्यांची जहाजं किल्ल्यालगत एकमेकांना बांधून ठेवलेली होती. आधी इंग्रजांकडून जिंकलेल्या ‘रेस्टोरेशन’ जहाजावर एक बाँबगोळा पडून आग लागली, ती शेजारच्या गुराबींना लागली आणि जवळजवळ सगळा ताफा जळाला.