टीएलएस जोडणीचे समापन

टीएलएस (इंटरनेटवरचा संवाद कूटबद्ध करणारा प्रोटोकॉल) जोडणी संपवताना प्रत्येक टोकाने दुसऱ्याला ‘क्लोज-नोटिफाय’ ही सूचना द्यायची असते. सूचना अवघ्या दोन बाइटची : तीव्रता १, वर्णन ०. खालच्या टीसीपी थराचा ‘फिन’ (जोडणी संपल्याचा संकेत) वाटेतला कोणीही बनवून पाठवू शकतो, म्हणून त्यावर भरवसा ठेवता येत नाही. मजकूर खरोखर संपला की मध्येच तोडला, हे या दोन बाइटवरून ठरते. टीएलएसचा पूर्वज असलेल्या एसएसएल २.० मध्ये ही सोय नव्हती, ती ३.० मध्ये, म्हणजे साधारण १९९६ पासून आली. सूचनेविना तुटलेले सत्र पुन्हा वापरण्यास टीएलएस १.० ने (१९९९) मनाई केली होती. व्यवहारात ती फारशी पाळली जात नसल्याने १.१ मध्ये (२००६) ती उठवली गेली.

ओपनएसएसएल या टीएलएस लायब्ररीमध्ये सर्वाधिक घोटाळा जोडणी संपवणाऱ्या ‘एसएसएल_शटडाउन’ या फंक्शनने दिलेल्या ० वरून होतो. त्याचा अर्थ : आपली सूचना गेली, समोरची यायची आहे. ही त्रुटी नव्हे. तरीही येथे त्रुटीचा प्रकार सांगणाऱ्या ‘एसएसएल_गेट_एरर’ला विचारले, तर अनेकदा ५ (सिस्टम कॉलची त्रुटी) मिळते आणि ‘एररनो’ (कार्यप्रणालीचा त्रुटी-क्रमांक) मात्र ० असतो. लिनक्सच्या लॉगमध्ये मग त्रुटीपुढे ‘सक्सेस’ छापले जाते. अशा वेळी ‘एसएसएल_गेट_एरर’कडून ६ (शून्य-परतावा, म्हणजे समोरची सूचना आली) मिळेपर्यंत ‘एसएसएल_रीड’ चालवावे. न वाचलेला मजकूर शिल्लक असताना शटडाउनच पुन्हा बोलावल्यास ‘एसएसएल_गेट_एरर’कडून १ (टीएलएसची त्रुटी) येऊ शकतो. तेथूनच येणारे २ (वाचण्यासाठी) व ३ (लिहिण्यासाठी) म्हणजे केवळ थांबा : सॉकेट तयार झाल्यावर तीच क्रिया पुन्हा करावी. १ किंवा ५ आल्यानंतर मात्र शटडाउन बोलावू नये. त्रुटींची रांग थ्रेडगणिक एकच असते, म्हणून प्रत्येक क्रियेआधी ती रिकामी करावी. नाहीतर एका जोडणीचे खापर दुसरीवर फुटते.

वाचताना सूचनेविना जोडणी संपली, तर ओपनएसएसएलच्या १.१.१ मालिकेत ५ व एररनो ० मिळे. १.१.१ई मध्ये त्याचा १ केला गेला, पण १.१.१एफ मध्ये तो बदल मागे घेतला, ३.० पासून (२०२१) १ कायम झाला, सोबत ‘अनएक्स्पेक्टेड ईओएफ व्हाइल रीडिंग’ हे कारण. आवृत्ती वाढवताच जुन्या सर्व्हरविषयी तक्रारी सुरू होतात त्या यामुळे. ही त्रुटी दडपणारा पर्याय उपलब्ध आहे. पण एचटीटीपीच्या ‘कंटेंट-लेंग्थ’सारखी लांबी मजकुरासोबतच येत असेल, तेथेच तो वापरणे सुरक्षित. लांबी न सांगता जोडणी तोडून उत्तर संपवणाऱ्या जुन्या पद्धतीत तो लावल्यास अर्धवट फाइल पूर्ण समजली जाते.

लिनक्सवर एररनो १०४ (समोरच्याने जोडणी एकदम तोडली) आल्यास कारण निराळे. बफरमध्ये न वाचलेले बाइट असताना सॉकेट बंद केले, की लिनक्स ‘फिन’ऐवजी ‘आरएसटी’ (जोडणी तात्काळ तोडणारा संकेत) पाठवते. टीएलएस १.३ मध्ये क्लोज-नोटिफायने फक्त पाठवणाऱ्याची लेखनदिशा बंद होते.