डिडोन टंक : देवनागरीतील जाड-बारीक वळण व मराठवाड्यातील वापर

डिडोन टंक : ठळक उभे दांडे, केसासारख्या आडव्या रेघा आणि कमानीचा आधार नसलेले सपाट, बारीक सेरिफ (अक्षराच्या टोकांवरील छोट्या रेघा) ही लक्षणे असलेला रोमन मुद्राक्षरांचा वर्ग. पार्मा येथील मुद्रक जांबात्तिस्ता बोदोनी (१७४०–१८१३) आणि पॅरिसचा मुद्राक्षरकार फिर्मँ दिदो (१७६४–१८३६) यांची नावे जोडून फ्रेंच मुद्राक्षरतज्ज्ञ माक्सिमिल्याँ व्हॉक्सने १९५४ च्या सुमारास केलेल्या वर्गीकरणात ही संज्ञा आली. देवनागरीला सेरिफ नसल्यामुळे तिच्या संदर्भात येथे ‘जाड-बारीक वळण’ असे म्हटले आहे.

रोमनमधील डिडोन वळणाचा आद्य कर्ता कोण, याविषयी एकवाक्यता नाही. उभ्या अक्षाची, म्हणजे जाडीचा रोख तिरपा न ठेवता सरळ उभा ठेवण्याची कल्पना फ्रान्सच्या राजमुद्रणालयासाठी सतराव्या शतकाच्या अखेरीस आखलेल्या अक्षरांत दिसते. इंग्लंडमध्ये मुद्रक बास्करव्हिलने व्हर्जिलच्या काव्याच्या १७५७ च्या आवृत्तीसाठी गुळगुळीत कागद वापरला व छापलेली पाने तापलेल्या पत्र्यांत दाबली, त्यामुळे बारीक रेघ कागदावर टिकू लागली. त्यानंतरचे श्रेय इटालियन परंपरा बोदोनीला देते. तथापि त्याचा १७७१ चा नमुनासंग्रह पॅरिसचा मुद्राक्षरकार फूर्निये याच्या अक्षरांवर उघडपणे बेतलेला आहे. दिदोची या वर्गातील पहिली अक्षरे साधारणतः १७८४ ची मानतात. कालक्रम पाहता दिदोचा अग्रक्रम अधिक संभवनीय वाटतो. बोदोनीची कीर्ती मुख्यतः त्याच्या पत्नीने १८१८ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, दोन खंडांत प्रसिद्ध केलेल्या ‘मानुआले तिपोग्राफिको’वर उभी आहे.

बोदोनीचा नागरीशी संबंध जोडण्याचा मोह होतो. तरुणपणी तो रोमच्या प्रोपागांदा फीदे या कॅथलिक धर्मप्रसार संस्थेच्या मुद्रणालयात होता, आणि ‘आल्फाबेतुम ब्राम्हानिकुम’ हे नागरी लिपीविषयीचे पुस्तक याच मुद्रणालयातून १७७१ मध्ये निघाले. परंतु तोवर त्याने रोम सोडून काही वर्षे लोटली होती. तेव्हा हा धागा फार ताणू नये.

देवनागरीतील जाड-बारीकपणा मुळात बोरूचा आहे. नागरी लिहिण्यासाठी बोरूची कत (टोकाचा छेद) रोमन लेखणीच्या उलट तिरकी मारतात. परिणामी उजवीकडून खाली डावीकडे उतरणारी रेघ भरते आणि तिला छेदणाऱ्या दिशेची रेघ बारीक होते. काना व शिरोरेषा या दोहोंच्या मधल्या जाडीच्या राहतात. डिडोनमध्ये जाडी उभ्या दांड्यात एकवटते. हा नियम नागरीला जसाच्या तसा लावला, तर शिरोरेषा आडवी म्हणून केसाएवढी होते आणि शब्दाला सांधणारी रेघच पुसट पडते. ती जाड ठेवावी तर डिडोनपण उरत नाही. इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘रोझा वन’ हा टोकाच्या जाड-बारीक भेदाचा देवनागरी-रोमन फाँट या संदर्भात पाहण्याजोगा आहे.

मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या अक्षरांत डिडोनचा कितपत अंश आहे, हा यातूनच निघणारा प्रश्न. मराठी मजकुराचे नागरी खिळे (छपाईची धातूची सुटी अक्षरे) १८०५ मध्ये बंगालमधील श्रीरामपूरला विल्यम केरीच्या व्याकरणात वापरले गेले. पुढे मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम याने नवे साचे कोरले. तेथेच धडे घेतलेल्या जावजी दादाजी (१८३९–९२) यांनी राणोजी रावजी आरू यांच्या हातच्या कोरणीवर निर्णयसागरचा लौकिक उभा केला. छापखाना १८६९ चा. खिळ्याचा साचा ज्यावरून घेत त्या पोलादी ठशाची स्वच्छ धार व मिशनमधील शिक्षण पाश्चात्त्य प्रभावाच्या बाजूने सांगता येईल. मात्र या अक्षरांतील भरीव भाग कतीच्या तिरप्या रोखाने पडतो, उभ्या अक्षाने नव्हे. त्यामुळे त्यांचे कुळ पोथीत शोधणे अधिक सयुक्तिक ठरते.

ती पोथीपरंपरा मराठवाड्यात समृद्ध होती. अंबाजोगाईच्या दासोपंतांची (१५५१–१६१५) सुमारे चाळीस फूट लांबीची, ‘पंचीकरण’ हा ग्रंथ लिहिलेली पासोडी (जाड कापड) हे कापडावरील नागरी लेखनाचे विरळा उदाहरण होय. छपाईच्या युगात मात्र प्रदेश निजामी राज्यात असल्याने राजभाषा आधी फार्सी व पुढे उर्दू राहिली. मौलवी अब्दुल हक यांच्या काळात अंजुमन तरक्की-ए-उर्दू या उर्दूप्रसारक संस्थेचे कार्यालय औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) होते. शिळाछापाने नस्तालीक या उर्दू लेखनशैलीचे वळण टिकवले. त्यात आडवे फटकारे भरदार आणि उभा अलिफ सडपातळ, म्हणजे डिडोनच्या नेमके उलट. दोन तऱ्हांच्या कतीची अक्षरे शेजारीशेजारी वाचणारा असा वाचकवर्ग उर्वरित महाराष्ट्रात क्वचितच असेल.

मराठी छपाईला येथे निजामी राजवट संपल्यावर, सप्टेंबर १९४८ नंतर, मोकळीक मिळाली आणि १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर पाठ्यपुस्तकांची गरजही वाढली. ऑफसेट व संगणकीय जुळणीनंतर जाड-बारीक वळण मुख्यतः लग्नपत्रिका, दिवाळी अंकांची शीर्षके, पैठणी व दागिन्यांच्या जाहिराती यांत दिसते. आर्ट पेपरवर ते खुलते. वर्तमानपत्री कागदावर लहान आकारात शाई पसरून ‘ष’ची तिरपी रेघ बुजते, उलट्या छपाईत म्हणजे काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत ती तुटते, फ्लेक्सवर दुरून तर मात्रा आणि रफार आधी हरवतात. रोमनमध्ये यावर वेगवेगळ्या आकारांसाठी वेगळी रेखाटने करण्याचा उपाय आहे. अक्षररचनाकार जोनाथन हफ्लरने १९९० च्या दशकारंभी ‘हार्पर्स बझार’ या मासिकासाठी केलेल्या ‘दिदो’ फाँटात अशी सात रेखाटने आहेत. खिळ्यांच्या काळात प्रत्येक आकाराचा ठसा स्वतंत्र कोरावा लागे, त्यामुळे ही सोय आपोआप साधत असे.